बिघडलेलें यंत्र आणि लपविलेली हकीकत

घरांतील एखादें यंत्र बंद पडलें म्हणजे बहुधा दोन प्रश्न ऐकूं येतात: ‘हें कोणीं केलें?’ आणि ‘आतां खर्च किती?’ ‘काय काय झालें?’ हा तिसरा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. आमच्या मतें हा तिसरा प्रश्नच पहिला असावयास पाहिजे. मुलुंड येथील एका घरीं घडलेल्या प्रसंगावरून हें मत आम्ही विद्यार्थी व पालक यांच्यापुढें मांडीत आहों.

आमच्या एका विद्यार्थ्यानें सणावारीं मिळालेले पैसे सांठवून लॅमिंग्टन रोडवरून एक वापरलेलें ग्राफिक्स कार्ड आणिलें. संगणक वडिलांचा. लहान दुकानदारांचे हिशेब ते रात्रीं त्यावरच लिहीत, व घरखर्चाचा मोठा भार त्या मिळकतीवर होता. मुलानें जुनें कार्ड काढून नवें बसविलें व बटन दाबलें. पंखे फिरूं लागले, परंतु पडदा काळाच राहिला. घाबरून त्यानें हाताला येईल तें काढून पुन्हां बसविलें. मग जुनें कार्ड परत लाविलें, तरीहि पडदा काळाच! वडिलांस मात्र त्यानें एवढेंच सांगितलें कीं, संगणक आपोआप बंद पडला. या एका वाक्यावर विसंबून एका कारागिरानें मदरबोर्ड जळाला असें ठरविलें व नवा संगणक घेण्याचा सल्ला दिला. वडील कर्जाची भाषा बोलूं लागले, तेव्हां मुलाचा धीर सुटला व तो आमच्याकडे आला.

आम्ही या विद्येंतील पंडित नव्हों. आम्हीं त्यास स्क्रूड्रायव्हर खालीं ठेवून वही घ्यावयास सांगितलें. “बाळ, त्या दुपारीं तूं काय काय केलेंस, तें क्रमानें लिही.” त्यानें लिहिलें. पांचव्या ओळींत, ‘रॅमच्या पट्ट्या काढून परत बसविल्या,’ असें होतें. ही गोष्ट त्यानें कोणासच सांगितली नव्हती. मदरबोर्डच्या कडेस चार बारीक दिवे होते; प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स कार्ड व संगणक सुरूं होण्याची शेवटची पायरी यांचे. त्यांतील रॅमचा दिवा जळत राहिला होता. पण त्याकडे कोणाचेंच लक्ष गेलें नव्हतें. वीज तोडून पट्ट्या ‘टक्’ असा आवाज होईपर्यंत दाबल्या, जुनें कार्ड जागींच होतें, आणि संगणक सुरूं झाला. मदरबोर्ड मुळींच जळालेला नव्हता.

आतां मूळ दोष कोणता? जुनें कार्ड लहान असल्यामुळें त्यास लागणारी सर्व वीज मदरबोर्डवरील खांचेंतूनच मिळे. अशा खांचेंतून फार तर ७५ वॅट वीज मिळते. नव्या कार्डास त्याहून अधिक हवी होती. त्यासाठीं त्याच्या कडेस आठ टोंकांची जागा असते, व तेथें पॉवर सप्लायची वेगळी केबल जोडावी लागते. तिच्यांतून १५० वॅटपर्यंत वीज घेतां येते. जुन्या कार्डास तिची गरज नव्हती, म्हणून मुलाच्या तें ध्यानींच आलें नाहीं. पॉवर सप्लाय पुरेशा शक्तीचा आहे हें पाहून केबल जोडली, मॉनिटरची तार नव्या कार्डास लाविली, आणि नवें कार्डहि चालूं लागलें. म्हणजे पहिला दोष विसरलेल्या केबलचा. दुसरा घाईनें निर्माण केलेला. आणि तिसरा, सर्वांत महाग पडूं पाहणारा, हकीकत लपविल्याचा. त्या कारागिरासहि फारसा दोष देववत नाहीं. त्यास अर्धीच कथा कळली होती.

याचा अर्थ सर्व बिघाड फुकटांत सुधारतात असा नव्हे. कधीं पॉवर सप्लाय खरोखरच अपुरा असतो, कधीं जुन्या मदरबोर्डचें बायोस नव्या कार्डास ओळखत नाहीं, तर कधीं वापरलेलें कार्डच मेलेलें असतें. परंतु हें ठरविण्याचा मार्ग एकच: प्रथम पूर्वीची चालती स्थिति परत आणावी, मग एका वेळीं एकच बदल करावा व तो लिहून ठेवावा. विद्यार्थ्यांनीं एवढें अवश्य लक्षांत ठेवावें कीं, कॅबिनेट उघडण्यापूर्वीं प्लग काढावा, आणि पॉवर सप्लायची पेटी कदापि उघडूं नये. प्लग काढल्यावरहि तिच्यांत धोकादायक वीज सांठलेली असूं शकते.

लिहून ठेवण्याची ही रीत नवी नाहीं. १९४७ च्या सप्टेंबरांत अमेरिकेंतील हार्वर्ड मार्क टू या संगणकाच्या एका रिलेंत पतंग सांपडला, तेव्हां तेथील मंडळींनीं तो नोंदवहींतच चिकटवून ठेविला. आपल्या मुंबईंत टाटा मूलभूत संशोधन संस्थेनें स्वतः बांधलेला टिफ्रॅक संगणक १९६० मध्यें चालूं झाला. त्यांत सुमारें २,७०० निर्वात नळ्या होत्या. इतक्या नळ्यांतून बिघडलेली एक नळी निव्वळ तर्कानें सांपडत नसते. तेथें क्रम व नोंद हींच कामीं येतात.

कोणी म्हणेल, न विचारतां हात लावणाऱ्या मुलास शिक्षा नको काय? जाब अवश्य विचारावा. पण हकीकत ऐकून घेतल्यावर. रागावणें आधीं आलें, तर पुढच्या वेळीं हकीकत येणारच नाहीं, आणि त्याची किंमत घरासच भरावी लागेल.

त्या रात्रीं मुलानें वडिलांस सर्व कांहीं स्वतः सांगितलें. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “पुढच्या खेपेस मला हांक मार. दोघे मिळून उघडूं.” आमच्या पालकवर्गास याहून अधिक सांगावयाचें आम्हांस उरलेलें नाहीं.