निळा गमछा नको, कागदावर लिहून द्या

नोव्हेंबर २०२४. विधानसभेचा प्रचार ऐन रंगात होता आणि आमच्या वस्तीत एक उमेदवार आले. गळ्यात निळा गमछा, बाबासाहेबांच्या पुतळ्याला हार, विहारात पाच मिनिटं डोळे मिटून बसणं, सगळं यथासांग झालं. आम्ही चार-पाच जण कागद घेऊन उभे होतो. कागदावर तीनच प्रश्न होते. अनुसूचित जाती उपयोजनेचा पैसा दुसरीकडे वळवला तर सभागृहात काय करणार? गायरान कसणाऱ्या आमच्या भूमिहीनांना नोटिसा आल्या तर कोणाच्या बाजूने उभे राहणार? स्वाधारची रक्कम पोरांच्या हातात वर्ष संपत आल्यावर पडते, त्याचं काय?

उमेदवार हसले. म्हणाले, "अरे, मी तुमचाच माणूस आहे. विहाराला सभामंडप देतो, अजून काय पाहिजे?" आणि गाडीत बसले. मागे टाळ्या वाजल्या. वाजवणारी पोरं आमचीच होती.

'तुमचाच माणूस' हे काय उत्तर झालं? महाराष्ट्राच्या २८८ जागांपैकी २९ अनुसूचित जातींसाठी राखीव आहेत. तिथे प्रत्येक पक्षाला आपल्यातलाच माणूस उभा करावा लागतो. म्हणजे त्या मतपत्रिकेवर सगळेच 'तुमचे'. मग निवड करायची कशावरून?

हा पेच नवा नाही. १९३७ च्या फेब्रुवारीत मुंबई प्रांताच्या विधानसभेची निवडणूक झाली. भायखळा-परळ मतदारसंघातून खुद्द बाबासाहेब उभे होते. काँग्रेसने त्यांच्यासमोर कोणाला उभं केलं? पळवणकर बाळूंना. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेणारा डावखुरा गोलंदाज, अस्पृश्य समाजात जन्मलेला, अवघ्या मुंबईचा लाडका. बाळूंबद्दल आमच्या मनात आदरच आहे. त्या काळात चेंडू हातात घेऊन त्यांनी जे केलं त्याला तोड नाही. पण काँग्रेसची चाल ओळखा: 'तुम्हाला अस्पृश्य उमेदवार हवा ना? हा घ्या, शिवाय नामवंत.' बाबासाहेब निवडून आले, पण सुमारे दोन हजार मतांनीच. लढत सोपी नव्हती.

दोघांची जन्मकहाणी सारख्याच अपमानाची होती. फरक होता कार्यक्रमाचा. ऑगस्ट १९३६ मध्ये स्थापन झालेल्या स्वतंत्र मजूर पक्षाने आपला जाहीरनामा छापून लोकांपुढे ठेवला होता. आजच्या तरुणांनी तो शोधून वाचावा. नुसत्या घोषणा तिथे सापडणार नाहीत. कुळांना जमीनदारांच्या जुलमापासून संरक्षण, शेतीसाठी भूतारण बँका, उत्पादकांच्या सहकारी संस्था, खरेदी-विक्री संघ, कामगारांच्या भरतीवर, बडतर्फीवर आणि कामाच्या तासांवर कायद्याचा अंकुश, पगारी रजा, तांत्रिक शिक्षण. खेड्यांत स्वस्त घरं, सभागृहं, वाचनालयं, आणि हो, फिरता सिनेमासुद्धा! सभागृहाचा उल्लेख त्यातही आहे, पण बाकी सगळ्याच्या बदल्यात नाही.

आणि उमेदवार तरी कोण? अनंतराव चित्रे, सुरबा टिपणीस, शामराव परुळेकर हे अस्पृश्येतर लोकही याच पक्षाचे. बाबासाहेबांनी आडनाव पाहिलं नाही, माणूस कोणत्या कामाला बांधलेला आहे ते पाहिलं.

निवडून आल्यावर काय झालं? १७ सप्टेंबर १९३७ ला बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. कोकणात सरकारी सारा गोळा करणारा खोत कुळाकडून वरचंही उकळायचा. त्यात भरडले जाणारे महार होते तसे कुणबी होते, आगरी होते. १० जानेवारी १९३८ ला हजारो शेतकरी मुंबईत मोर्चाने कौन्सिल हॉलवर गेले. विधेयक तेव्हा मंजूर झालं नाही, खोती कायद्याने जायला १९४९ उजाडावं लागलं. पण प्रश्न सभागृहाच्या टेबलावर आला होता, आणि आणणारा विरोधी बाकांवर होता.

म्हणून 'एकटा आमदार काय करणार, पक्षाचा व्हिप असतो' हे रडगाणं आम्हाला ऐकवू नका. तारांकित प्रश्न आहे, लक्षवेधी आहे, कपात सूचना आहे, अशासकीय विधेयक आहे. आंध्र प्रदेश आणि कर्नाटकाने २०१३ मध्ये उपयोजनेच्या निधीसाठी स्वतंत्र कायदे केले. तसा कायदा इथे आणण्यासाठी तुम्ही काय करणार, एवढंच विचारायचं आहे.

गायरानाचंही तेच. १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीनांची अतिक्रमणं नियमित करण्याचा शासन निर्णय १९९१ चा आहे. तरी २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर गावोगाव नोटिसा निघाल्या, तेव्हा घर पाडलं जाईल या धास्तीने आमच्या आयाबाया तहसीलच्या पायऱ्यांवर बसल्या होत्या. त्या पायऱ्यांवर कुठला 'आपला माणूस' दिसला?

आणि तो सभामंडप. तो येतो सार्वजनिक पैशातून. कोनशिलेवर नाव मात्र त्यांचं. स्वतःच्याच पैशासाठी आपण टाळ्या वाजवतो.

निवडणूक संपली. आमचे उमेदवार निवडून आले. मे २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेसाठी सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी ३० लाख आणि आदिवासी विकास विभागाचे ३३५ कोटी ७० लाख रुपये वळवले गेले. सामाजिक न्यायमंत्री संजय शिरसाट यांनीच त्यावर उघड नाराजी व्यक्त केली. आमच्या बहिणींना मिळणाऱ्या पंधराशे रुपयांवर आमचा आक्षेप नाही, त्यांना ते मिळालेच पाहिजेत. पण ते त्याच बहिणीच्या पोराच्या वसतिगृहाच्या आणि शिष्यवृत्तीच्या पैशातून का? मोठ्या शहरात स्वाधारचे वर्षाला ६० हजार मिळतात. ते वेळेवर आले नाहीत की खोलीचं भाडं थकतं, मग मेस बंद होते, मग पोरगं बॅग घेऊन गावाकडे परततं. अशी पोरं आमच्या वस्तीत आहेत. त्यांना भाषणाची गरज नाही.

कागद आम्ही जपून ठेवला आहे. पुढच्या वेळी त्याच्या पन्नास प्रती काढणार आहोत, प्रत्येक प्रश्नाखाली उत्तराला जागा आणि शेवटी सहीची ओळ. चौथा प्रश्न नवीन घातला आहे: साहेब, त्या ४१० कोटींवर तुम्ही सभागृहात कोणत्या तारखेला बोललात?