जंतांवरील जुना आरोप

मूल झोपेत करकर दात खाऊ लागले की हिमायतनगरकडील घरांतून, किंबहुना महाराष्ट्रात सर्वत्रच, वडीलधाऱ्यांचे निदान ठरलेले असते : पोटात जंत झाले! जंतांचा उपद्रव खोटा नव्हे. म्हणूनच 2015 पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनी शाळा-अंगणवाड्यांतून अल्बेंडाझोलची गोळी दिली जाते. ती मुलांना द्यावीच. परंतु तिने दात खाणे थांबेल, अशी आशा धरता येत नाही. या दोहोंतील कार्यकारणसंबंध निर्विवादपणे सिद्ध झालेला नाही. झोप क्षणभर चाळवते तेव्हा जबड्याचे स्नायू आवळले जातात, असे वैद्यकशास्त्र सांगते. बहुतेक मुलांची ही खोड वयाबरोबर आपोआप जाते.

खरी उपेक्षा होते ती प्रौढांची. त्यांच्यावर जंतांचा आरोप नाही, म्हणून विचारपूसही नाही. दिवसभर साहेबापुढे ओठ मिटून बसणारा कारकून रात्री दात खात असेल, तर त्यात नवल ते काय? मनावरील ताणाप्रमाणेच तंबाखू, मद्य, अतिरिक्त चहा-कॉफी, झोपेत श्वास अडकणे, नैराश्यावरील काही औषधे यांचाही या विकाराशी संबंध आढळतो. सकाळी जबडा आखडतो, कानशिले ठणकतात, दातांचे माथे सपाट होतात. झिजलेले दंतवल्क पुन्हा येत नाही. दंतवैद्याने दिलेले रात्रीचे आवरण झीज रोखते. खोड मोडतेच असे नाही. शिवाय दात खाणाऱ्याला स्वतःला बहुधा काहीच ठाऊक नसते. तेव्हा दंतवैद्याकडे जाताना, रात्री तो आवाज ऐकणाऱ्या घरच्या माणसालाही बरोबर न्यावे.