भूमिपरीक्षेचा विसर

आयुर्वेदीय औषधांतील जड धातूंचा विषय निघाला, की आम्ही वैद्य तत्काळ भस्मांच्या समर्थनार्थ उभे राहतो. बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० औषधांपैकी १४ औषधांत शिसे, पारा वा आर्सेनिक आढळल्याचा लेख डिसेंबर २००४ मध्ये ‘जामा’ या अमेरिकी नियतकालिकात आला, तेव्हाही चर्चा शोधन-मारणाभोवतीच फिरली. तो वाद रसशास्त्राचा. तो येथे बाजूस ठेवू. परंतु दूषित पाण्यावर पोसलेल्या मुळीत जो धातू शिरतो, त्याचे शोधन कोणी केलेले असते?

जमिनीत जस्त अतिरिक्त झाले, तर रोप आधी स्वतःच खुरटते, पाने पिवळी पडतात. पीकच धोका सांगते. शिसे बहुतांशी मातीला व मुळांना धरून राहते, फळापर्यंत थोडेच चढते. कॅडमियमची रीत निराळी. जस्ताशी साधर्म्य असल्याने ते वनस्पतीत सहज शिरते, आम्ल जमिनीत तर अधिकच. आणि मनुष्यास अपायकारक होईल इतके साठूनही रोप हिरवेगार राहू शकते. जपानमधील तोयामा प्रांतात कामिओका खाणीतील कॅडमियम जिंझू नदीच्या पाण्यावाटे भातशेतीत उतरले. तो भात खाणाऱ्यांची मूत्रपिंडे बिघडली, हाडे मृदू होऊन मोडू लागली. या ‘इताई-इताई’ व्याधीचे मूळ कॅडमियम असल्याचे तेथील शासनाने १९६८ साली मान्य केले.

आता आपल्या द्रव्यांकडे पाहू. वाळा धातुदूषित जमिनीतही तग धरतो, म्हणून खाणींच्या टाकाऊ मातीवर तो मुद्दाम लावला जातो. त्याने घेतलेले शिसे मुख्यत्वे मुळांत राहते, आणि उशीर म्हणून आम्ही नेमके मूळच वापरतो! पाणथळ जागी वाढणारी जलब्राह्मीही धातू शोषून घेणारी म्हणून अभ्यासकांना परिचित आहे. मेध्य म्हणून बालकाला द्यावयाचे हे द्रव्य कोणत्या नाल्याकाठचे, हे विचारल्याविना आम्ही घेतो.

चरकाचार्यांनी कल्पस्थानाच्या पहिल्याच अध्यायात द्रव्यसंग्रहणासाठी स्मशान, वारूळ, खड्डा, खारपड जमीन वर्ज्य सांगितली. विमानस्थानात देशदुष्टीची लक्षणेही दिली. गंध, वर्ण, रस यांवरून ती ओळखता येत असे. कॅडमियमला यांपैकी काहीच नाही. म्हणून प्रयोगशाळा हेच आता भूमिपरीक्षेचे साधन मानावे, असे आमचे मत आहे. यात शास्त्राला कमीपणा तो कोणता?

निर्यातीच्या वनौषधींना १ जानेवारी २००६ पासून धातुपरीक्षण सक्तीचे झाले. दशलक्ष भागांत शिसे १०, आर्सेनिक ३, पारा १ व कॅडमियम ०.३ ही मर्यादा ठरली. स्वतःच्या रुग्णांपुरते औषध सिद्ध करणाऱ्या वैद्यास मात्र कायद्याने उत्पादन-परवान्यातून सूट आहे. ती सूट आमच्यावरील विश्वासाची आहे, आणि आमच्या खलातील चूर्ण बहुधा कोणी तपासत नाही. काष्ठौषधींच्या व्यापाऱ्यास गाव व पाण्याचा स्रोत विचारला, तर तो हसतो, हा अनुभव आम्हालाही आहे. एकट्या वैद्याला परीक्षणाचा खर्च परवडत नाही, हेही खरे. चार-पाच वैद्यांनी मिळून एकाच ठिकाणचा माल घ्यावा आणि त्याचा एक नमुना तपासून घ्यावा. आरंभ वाळा व ब्राह्मी या दोहोंपासून करावा.