नऊ लाखांची स्पोर्ट्स कार आणि तुमचं खेळतं भांडवल



खेळत्या भांडवलावर आपण चॅनेलवर बरेचदा बोलतो. आज त्याच विषयाचं जरा चकचकीत उदाहरण घेऊ. मोबाईलवर जाहिरात येते: दोन दारांची जर्मन गाडी, दहा-बारा वर्षं जुनी, नवी असताना पन्नास-साठ लाखांची, आता फक्त नऊ लाख. लगेच मनात येतं, नव्या एसयूव्हीपेक्षा ही स्वस्त! शिवाय धंद्यात इमेज लागतेच ना?

माझं मत आधीच सांगतो. धंद्याची पहिली पाच वर्षं या गाडीच्या वाटेला जाऊ नका. गाडी वाईट असते असं नाही, पण तिचं गणित जाहिरातीत दिसतं तसं नसतं. एक वाक्य लिहून ठेवा: गाडीची किंमत उतरते, तिच्या पार्टची उतरत नाही. नऊ लाखांच्या गाडीला पार्ट मात्र साठ लाखांच्या गाडीचेच लागतात.

बिघाड कुठे होतात?

पहिली कूलिंग सिस्टीम. बऱ्याच युरोपियन गाड्यांत कूलंटची टाकी आणि थर्मोस्टॅटचं घर प्लॅस्टिकचं असतं. दहा वर्षं उष्णता खाऊन ते ठिसूळ होतं. आंबा घाट चढताना ते फुटलं आणि तुम्ही 'जाऊ दे, घाटमाथ्यापर्यंत पोचू' म्हणून गाडी रेटली, तर अॅल्युमिनियमचं हेड वाकतं. काही हजारांचं काम मग लाखांवर जातं.

दुसरं इंजिन. बीएमडब्ल्यूच्या एन ४७ डिझेल इंजिनात टायमिंग चेन गिअरबॉक्सच्या बाजूला आहे. ती बदलायला चेनच्या किमतीपेक्षा मजुरी जास्त लागते. १९९७ नंतरच्या जुन्या पोर्श बॉक्स्टरमध्ये आतल्या शाफ्टचं एक छोटं बेअरिंग बदनाम आहे. ते गेलं की अख्खं इंजिन जातं.

तिसरं गिअरबॉक्स आणि सस्पेन्शन. ड्युअल क्लच गिअरबॉक्सचं कंट्रोल युनिट गेलं की बिल लाखाच्या पुढेच समजा. एअर सस्पेन्शन असेल तर रबरी फुगे चिरतात, हवा गळते, कॉम्प्रेसर सतत चालून जळतो. गाडी बुटकी असल्यामुळे खड्ड्यात ऑइल चेंबर आपटतं ते वेगळंच. रन-फ्लॅट टायर असतील तर बहुतेक वेळा स्टेपनी नसते, आणि चार टायरांचा सेट लाखाच्या घरात जातो.

कोकणात भर पडते ती वेगळी

उघडणाऱ्या छताची गाडी आपल्या पावसात म्हणजे परीक्षाच. छताचं पाणी वाहून जायच्या नळ्यांत पाला अडकतो आणि पाणी आत शिरतं. जुन्या झेड ४ मध्ये छत उघडणारी मोटर अशीच पाण्यात बुडून जाते. बॉक्स्टरमध्ये सीटखालचं इलेक्ट्रॉनिक युनिट भिजलं की गाडी चालूच होत नाही. मांडवी-मिऱ्याकडे घर असेल तर खारा वारा सायलेन्सर, एसीचा कंडेन्सर आणि वायरींचे जोड खातो.

आणि गाडी बंद पडली तर? गल्लीतला मेकॅनिक हुशार असतो, पण त्या कंपनीचा स्कॅनर त्याच्याकडे असेलच असं नाही. मग फ्लॅटबेडवर चढवून कोल्हापूर, पुणे, गोवा किंवा मुंबई. मुंबई साधारण ३४० किलोमीटर. गाडी तिकडे, तुम्ही इकडे, आणि धंद्याचे दिवस वाया.

स्वस्त का आहे, हे आधी विचारा

दिल्ली परिसरात १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवरच्या बंदीला सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दुजोरा दिला. नियमात पुढे बदल झाले, पण तिकडच्या गाड्या त्या काळात स्वस्तात बाहेर पडल्या. अशी गाडी इथे १२ महिन्यांहून जास्त ठेवायची तर एमएच-०८ ची नवी नोंदणी आणि महाराष्ट्राचा कर आलाच.

दुसरं कारण पाणी. २२ जुलै २०२१ चा चिपळूणचा पूर आपण विसरलेलो नाही. पुरात बुडालेली गाडी धुऊन-पुसून कुठूनही बाजारात येऊ शकते. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून बघा, शेवटच्या हातभर पट्ट्यावर गाळाची रेघ आहे का. कार्पेट उचला. आत परफ्यूमचा जास्तच घमघमाट असेल तर सावध व्हा.

आता हिशोब

आकडे समजायला घेतलेत, तुम्ही तुमचे घाला. पहिल्या वर्षी टायर १ लाख, कूलिंगचं काम ६० हजार, सस्पेन्शन दीड लाख, कर आणि विमा १ लाख, टोइंग आणि फेऱ्या ४० हजार. झाले साडेचार लाख, म्हणजे गाडीच्या निम्मे! महिन्याला ३७,५०० रुपये.

तुम्ही हापूस विकता आणि पेटीमागे ३०० रुपये सुटतात असं धरा. वर्षाला १,५०० पेट्या फक्त गाडीसाठी विकायच्या, त्याही मार्च ते मे या तीन महिन्यांत. पेट्रोल अजून धरलेलंच नाही.

'कंपनीच्या नावावर घेतो, जीएसटी परत मिळेल' असं काहीजण म्हणतात. अशा प्रवासी कारवर सर्वसाधारण धंद्याला तो परतावा मिळत नाही. घसारा मिळतो, पण घसारा म्हणजे कुणी हातात दिलेले पैसे नव्हेत. सीएला विचारा.

तरीही घ्यायचीच असेल तर

हौसेला मोल नसतं, मान्य. पण हौस नफ्यातून करा, भांडवलातून नको.

१. गाडीच्या किमतीच्या निम्मी रक्कम दुरुस्तीसाठी वेगळी असेल तरच बोलणी करा.
२. इंजिन थंड असताना स्वतः चालू करून बघा. विकणाऱ्याने आधीच गरम करून ठेवलं असेल तर परत या.
३. त्या ब्रँडचं काम जाणणाऱ्या वर्कशॉपमध्ये गाडी स्कॅन करून घ्या. जुने एरर कोड नुकतेच पुसलेत का, हेही विचारा.
४. सर्व्हिसची बिलं आणि विम्याच्या क्लेमचा इतिहास मागा. 'भाऊ, गाडी एकदम मक्खन आहे' हे बिल नव्हे.

हा नियम कारपुरता नाही. जुनं पल्प मशीन, जुना डीप फ्रीझर, बोटीचं जुनं इंजिन, सगळीकडे हेच तीन प्रश्न विचारा: पार्ट कुठे मिळतो, दुरुस्त कोण करतो, आणि तोवर माझा धंदा किती दिवस बंद राहतो? तिन्हींची उत्तरं मिळाली तरच किंमत स्वस्त की महाग ते ठरतं.

आणि इमेजचं म्हणाल, तर गिऱ्हाईक तुमच्या बोनेटवरचा लोगो बघून दुसऱ्यांदा येत नाही. पेटी वेळेवर पोचली आणि आंबा सांगितला तसा निघाला, की येतो. ते नऊ लाख आधी तिथे लावा.

आज वहीत एक काम करा. तुमच्याकडच्या प्रत्येक मशीनसमोर गेल्या वर्षीचा दुरुस्तीचा खर्च लिहा. आकडा बघून दचकलात, तर हा लेख तुमच्यासाठीच होता.

भेटू पुढच्या व्हिडिओत!