अहिराणी अशुद्ध कोणी ठरविली?

धुळें-जळगांवकडील खेड्यांच्या शाळांतून एक शब्द अजूनहि पोरांच्या पाठीवर छडीसारखा बसतो. तो शब्द ‘अशुद्ध’. नवें पोर शेजारच्यास विचारतें, ‘तुनं नाव काय शे?’ आणि वर्ग हंसतो. पुढें तें पोर तोंडच उघडीत नाहीं. मग ‘मठ्ठ’ ठरून मागल्या बांकावर जातें.

भाषेवांचून विचार नाहीं, असें विद्वान् सांगतात. आम्हीहि तें बव्हंशीं मानतों. पण मग ज्या बोलींत पोर विचार करितें तीच तोडली, तर घाव बुद्धीवर बसत नाहीं काय? केळीची मृगबाग कोणती, कांदेबाग कोणती, पाणी केव्हां द्यावें, हें सारें त्या ‘मठ्ठ’ पोरास घरच्या बोलींत ठाऊक असतें. तें ज्ञान उंबरठ्याबाहेर ठेवूनच त्यास शाळेंत शिरावें लागतें.

बोलीस व्याकरण नाहीं म्हणावें, तर तेंहि खोटें. ‘माझा मुलगा’ म्हणजे ‘मना आंडोर’. मराठीच्या ‘चा’च्या जागीं अहिराणींत ‘ना’ नेमानें येतो. २०११ च्या जनगणनेनें खानदेशी मराठीहून निराळी मोजली. बोलणारे भरले सुमारें १८ लाख ६० हजार. इतके लोक एकदम अशुद्ध कसे?

ही चाल जुनी आहे. १८७३ सालीं ‘गुलामगिरी’ लिहिणाऱ्या जोतीरावांचें व्याकरण निबंधमालाकार चिपळूणकरांनीं तपासलें. प्रश्नास उत्तर देणें अवघड झालें, म्हणजे प्रश्नकर्त्याचे ऱ्हस्वदीर्घ पाहावे!

असोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांस लिहितांवाचतां येत नव्हतें. त्यांची बोली लेवा, अहिराणीची शेजारीण. लेकानें गाणीं टिपून ठेविलीं म्हणून तीं १९५२ सालीं छापलीं गेलीं. २०१८ पासून जळगांवच्या विद्यापीठास त्यांचें नांव आहे. नांव विद्यापीठास चालतें, बोली मात्र पहिलीच्या वर्गांत चालत नाहीं!

आमचेच बांधव विचारतात, अहिराणीनें नोकरी मिळेल काय? नाहीं मिळणार. मराठी आली पाहिजे, इंग्रजीहि आली पाहिजे. पण पोर ज्या पायरीवर उभें आहे तेथूनच त्यास वर घ्यावें लागतें. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेंहि, शक्य तेथें, पांचवीपर्यंत घरच्या भाषेंतून शिकवावें असें म्हटलें आहे. आमचें मागणें तर त्याहून लहान आहे. पहिली-दुसरींत उत्तर अहिराणींत आलें तरी गुरुजींनीं तें उत्तर म्हणून घ्यावें, आणि मग त्याचें मराठी फळ्यावर लिहावें. शाळा व्यवस्थापन समितींत बसणाऱ्या आईबापांनीं पुढच्या सभेंत हें मागावें, व तें आपल्या बोलींतच मागावें.