७१.६ टक्क्यांचा आडोसा

कायदा आणि बाजार

अमेरिकेच्या १९७० च्या केंद्रीय कायद्याने गांजाला पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वांत कडक निर्बंधांच्या अमली पदार्थांत, बसवले. तरीही २०१२ मध्ये वॉशिंग्टन व कोलोरॅडो आणि २०१६ मध्ये कॅलिफोर्निया या राज्यांतील मतदारांनी २१ वर्षे पूर्ण केलेल्यांसाठी त्याची विक्री कौल देऊन मान्य केली. दुकान आले की जाहिरात येणारच, म्हणून विक्रीला मुभा पण भुरळ घालण्यास मनाई, अशी तारेवरची कसरत या राज्यांच्या वाट्याला आली.

कॅलिफोर्नियात वृत्तपत्र, रेडिओ, दूरचित्रवाणी वा इंटरनेटवरील अशी जाहिरात, किमान ७१.६ टक्के वाचक-प्रेक्षक २१ वर्षे व त्यावरील असण्याची रास्त अपेक्षा असेल तेथेच देता येते. आकडा काटेकोर भासतो. परंतु २०१० च्या जनगणनेनुसार देशाच्या लोकसंख्येतच या वयाच्या लोकांचे प्रमाण एवढे होते आणि मद्य उद्योगाने स्वतःच्या आचारसंहितेत तोच निकष स्वीकारला होता. याचा अर्थ असा की, प्रेक्षकवर्ग देशाच्या सरासरीहून तरुण नसला की जाहिरात निर्दोष ठरते आणि दहा लाख प्रेक्षकांत २ लाख ८४ हजार जण २१ वर्षांखालील असले तरी नियम मोडत नाही.

त्याच राज्याचे स्थळविषयक नियम अधिक स्पष्ट आहेत. शाळा, पाळणाघर व क्रीडांगणापासून १,००० फुटांच्या आत जाहिरात लावता येत नाही, तसेच राज्याची सीमा ओलांडणाऱ्या महामार्गांवर फलक उभारता येत नाहीत. नियामक संस्थेने ही दुसरी बंदी सीमेपासून १५ मैलांपुरती आकुंचित केली, तेव्हा सॅन लुइस ओबिस्पो येथील न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये ती सवलत कायद्याशी विसंगत ठरवली.

वॉशिंग्टनने जागेबरोबर मजकुरालाही हात घातला. तेथे रस्त्यावरील फलकावर दुकानाचे नाव, ठिकाण व व्यवसायाचे स्वरूप एवढेच लिहिता येते. रोपट्याचे चित्र नको, सोंगे घेतलेली माणसे नकोत, वाऱ्यावर नाचणारे हवेचे पुतळेही नकोत. दुकानाच्या पाटीचे क्षेत्रफळ १,६०० चौरस इंचांपुरते, म्हणजे ४० इंच बाजूच्या चौरसाएवढे, मर्यादित आहे.

दुसरे टोक मिसिसिपीत दिसते. २०२२ पासून तेथे औषधी गांजा वैध असला, तरी परवानाधारक दुकानाला रस्त्यावरील फलक वा प्रसारमाध्यमांतून जाहिरात करता येत नाही. व्यावसायिक अभिव्यक्तीला घटनात्मक संरक्षण मिळण्यासाठी मुळात व्यवसाय वैध असावा लागतो, या १९८० पासूनच्या न्यायतत्त्वावर आणि केंद्रीय कायद्यात गांजा अवैधच असल्यावर बोट ठेवून केंद्रीय अपील न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये ही बंदी उचलून धरली. कायद्याच्या तर्कात हे बसते. मात्र कॅलिफोर्नियात जाहिरातीवर परवाना क्रमांक सक्तीचा असल्याने वैध दुकान अवैधापासून ओळखू येते, ती सोय सरसकट बंदीत उरत नाही.

म्हणून माहिती राखून आमिष वगळणारी वॉशिंग्टनची वाट अधिक विवेकी ठरते. तिच्यात अंमलबजावणीचीही सोय आहे: ४० इंचांची पाटी कोणीही टेप लावून मोजू शकतो, तर ७१.६ टक्क्यांचा हिशेब बहुधा जाहिरातदाराच्याच वहीत असतो.