आपलं पान आपल्या हातानं

सप्टेंबर २०२५ मध्ये ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेतल्या सगळ्या बायकांवर ई-केवायसी सक्तीची झाली. महिन्याचे दीड हजार रुपये चालू ठेवायचे तर सरकारच्या संकेतस्थळावर जायचं, आपला आधार क्रमांक भरायचा, मोबाईलवर आलेला ओटीपी टाकायचा. मग नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक भरायचा आणि त्यांच्या मोबाईलवर आलेला ओटीपीही टाकायचा. आधी दोन महिन्यांची असलेली मुदत पुढे ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढली. राज्यातल्या दोन कोटींहून जास्त बायकांच्या नावानं ब्राउझरमध्ये एकच पान उघडलं जाणार होतं.

बायकांच्या नावानं उघडलं गेलं, पण बायकांनी उघडलं का? मी अकोला शहरातल्या वस्त्यांत आणि पातूर, बार्शीटाकळी तालुक्यांतल्या गावांत बचत गटांबरोबर काम करते. त्या दिवसांत मी पाहिलं ते असं : पान पोरानं उघडलं, दिरानं उघडलं, नाहीतर झेरॉक्सच्या दुकानात पैसे घेऊन कुणीतरी उघडलं. बाई शेजारी आधार कार्ड धरून उभी. काय काय भरलं विचारलं तर म्हणायची, ‘‘मले काय समजते त्यातलं? पोट्ट्यानंच केलं सारं.’’ तिच्या जातीचा प्रवर्ग, घरात कुणी सरकारी नोकरीत आहे का, या सगळ्याबद्दल तिच्या नावानं हमी दिली गेली होती. ती काय दिली हे तिला माहीत नव्हतं. पूर्वी कोऱ्या कागदावर अंगठा घेत, त्यात आणि यात फरक काय?

म्हणून मला वाटतं की ब्राउझर वापरायला शिकणं ही आता स्त्री संघटनांच्या कामाची बाब आहे. ती संगणकाच्या क्लासवर सोडून चालणार नाही.

आपल्यातल्या पुष्कळजणींना वाटतं की बायकांना मोबाईल तर येतोच. येतो, पण कोणता? व्हॉट्सअ‍ॅप येतं, व्हिडिओ पाहता येतात. व्हॉट्सअ‍ॅपवर जे येतं ते दुसऱ्यानं पाठवलेलं असतं. आपण घरात बसून आल्यागेल्याकडून बातमी ऐकावी तसं ते आहे. ब्राउझर म्हणजे स्वतः उंबरा ओलांडून कचेरीत जाणं आणि खिडकीवर विचारणं. बाईला पहिलं सहज मिळतं, दुसऱ्यासाठी मात्र कुणाची तरी सोबत लागते. बाहेरच्या जगात आपण जो अनुभव घेतला तोच इथेही आहे.

विदेश संचार निगमनं १५ ऑगस्ट १९९५ ला आपल्या देशात सामान्य लोकांसाठी इंटरनेट खुलं केलं. त्यानंतर पाव शतकानं, २०१९ ते २०२१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (पाचवी फेरी) असं दिसलं की महाराष्ट्रात कधी ना कधी इंटरनेट वापरलेल्या बायका शंभरात ३८ आहेत, पुरुष ६१ च्या वर. तेव्हापासून फोन वाढले आहेत, पण फोन घरात असणं वेगळं आणि तो बाईच्या हातात तासभर असणं वेगळं.

यानं काय अडतं? आपल्या वऱ्हाडातलंच उदाहरण घ्या. शेतकरी आत्महत्यांमुळे एकट्या पडलेल्या बायका आपल्या गावोगावी आहेत. नवऱ्यामागे सातबाऱ्यावर आपलं नाव चढलं की नाही, हे त्यांना दिराच्या तोंडून कळतं. महसूल विभागाच्या महाभूमी संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गाव निवडून गट क्रमांक टाकला की बिनसहीचा सातबारा फुकट पाहता येतो. डिजिटल सहीचा हवा तर पंधरा रुपये. आमच्या एका गटातल्या मैत्रिणीनं बैठकीत बसूनच तो उघडला. मयत नवऱ्याचं नाव तसंच होतं, तिचं कुठेच नव्हतं. ‘नाव चढवलं आहे’ असं ती चार वर्षं ऐकत होती. दुसऱ्याच दिवशी मृत्यूचा दाखला घेऊन ती वारस नोंदीचा अर्ज द्यायला तलाठ्याकडे गेली. तिला कुणी भाषण दिलं नव्हतं. तिनं फक्त आपल्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

कोर्टाचंही तसंच. पोटगीच्या किंवा २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालच्या दाव्याला सीएनआर नावाचा सोळा अक्षर-अंकांचा क्रमांक असतो. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर तो टाकला की पुढची तारीख कळते. किती बायका तारीख विचारायला वकिलाकडे खेटे घालतात, कोर्टात जाऊन तारीख पुढे गेल्याचं ऐकून परत येतात! २०२३ पासून बायकांना एसटीचं तिकीट अर्धं झालं, पण बुडालेली मजुरी पूर्णच असते.

आता आपल्याच कार्यकर्त्या घेतात त्या आक्षेपाकडे वळू. त्या म्हणतात, सरकारनं आपलं काम बायकांच्या अंगावर ढकललं आहे, आणि आपण त्यांना ते निमूट करायला का शिकवायचं? आक्षेपात तथ्य आहे. ई-केवायसीचं ते पानच पाहा. प्रत्येक बाईमागे नवरा नाहीतर बाप उभा आहे, हे त्यात गृहीतच धरलेलं. विधवा, घटस्फोटित आणि वडील नसलेल्या बायकांनी ओरड केल्यावर त्यांची कागदपत्रं अंगणवाडी सेविकेमार्फत घेण्याची सोय झाली. पण परित्यक्तेचं काय? जिचा घटस्फोट झालेला नाही, वडील हयात नाहीत आणि नवरा दुसरीकडे संसार थाटून बसला आहे, तिनं त्याचा ओटीपी कोणत्या तोंडानं मागायचा? योजना बाईची आणि किल्ली नवऱ्याकडे!

पण मैत्रिणींनो, हा अन्याय दिसला कुणाला? ज्यांनी ते पान स्वतः उघडलं त्यांना. पोरानं बाहेरच्या बाहेर उरकलं असतं तर ‘फॉर्म भरला’ एवढंच कळलं असतं. पान वाचता आलं तरच पानाशी भांडता येतं. ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा राज्यघटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचं सांगितलं. तो निकालसुद्धा अ‍ॅसिड हल्ल्यातून वाचलेल्या आणि दृष्टिहीन लोकांनी लढून मिळवला. केवायसीसाठी कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकवा, असं यंत्र सांगत होतं आणि हल्ल्यानं ज्यांच्या पापण्या जळाल्या त्यांना ते शक्य नव्हतं. शिकणं आणि लढणं ही दोन वेगळी कामं नाहीत.

दुसरा आक्षेप घरातून येतो : मोबाईलनं बायका बिघडतात. १८४८ मध्ये पुण्याच्या भिडे वाड्यात मुलींची शाळा निघाली तेव्हा पुस्तकाबद्दलही हेच म्हटलं गेलं. केरळमधल्या एका कॉलेजच्या वसतिगृहात मुलींना संध्याकाळी सहा ते रात्री दहा फोन बंदी होती. त्याविरुद्ध गेलेल्या फहीमा शिरीन या विद्यार्थिनीच्या बाजूनं केरळ उच्च न्यायालयानं २०१९ मध्ये निकाल दिला आणि इंटरनेट वापरता येणं हा शिक्षणाच्या आणि खाजगीपणाच्या हक्काचा भाग मानला. घरच्यांशी बोलताना हा निकाल आपल्या झोळीत असू द्यावा.

मग शिकवायचं काय? माझ्या अनुभवात चार गोष्टी पुरतात. पहिली, पत्ता वाचणं. वरच्या पट्टीत संकेतस्थळाचा पत्ता असतो. त्यातली पहिली तिरपी रेघ शोधायची आणि तिच्या अगदी अलीकडे काय आहे ते पाहायचं. सरकारी पानाचं नाव जी-ओ-व्ही, टिंब, आय-एन असं संपतं. इंग्रजी न येणारी बाईसुद्धा ही पाच अक्षरं चित्रासारखी ओळखते. ई-केवायसीच्या दिवसांत मिळत्याजुळत्या नावांची बनावट संकेतस्थळं निघाली होती. अधिकृत संकेतस्थळच वापरा, असं महिला व बालविकास मंत्र्यांना जाहीरपणे सांगावं लागलं. पट्टीतलं कुलूप पाहून फसू नये; कुलूप बनावट पानालाही लावता येतं.

दुसरी, शोधणं. टाइप करता येत नसेल तर माइकचं चित्र दाबून मराठीत बोलायचं. आपली वऱ्हाडी त्याला कधी कळत नाही, मग जरा पुस्तकी बोलावं लागतं आणि गटात हशा पिकतो. पण बाई बोलते आणि उत्तर येतं, यानं भीती मोडते. वर ‘प्रायोजित’ लिहिलेलं दिसलं तर ती जाहिरात, ते ओलांडून खाली जायचं.

तिसरी, नाही म्हणणं. एखादं पान विचारतं, सूचना पाठवू का? आपलं ठिकाण पाहू का? समजलं नाही तर ‘नको’ दाबायचं. नाही म्हणायची सवय आपल्याला मुळात कमीच! आणि फसवणूक झालीच तर लाजून गप्प न बसता लगेच १९३० वर फोन करायचा.

चौथी गोष्ट आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाची, आणि ती नेमकी संगणकाच्या वर्गात शिकवत नाहीत. ब्राउझर आपण कुठे कुठे गेलो ते लक्षात ठेवतो. मार खाणारी बाई रात्री ‘नवरा मारतो तर काय करावं’ असं शोधते आणि सकाळी तोच फोन नवऱ्याच्या हातात असतो. म्हणून इतिहास कसा पुसायचा आणि खाजगी खिडकी कशी उघडायची, हे प्रत्येकीला यायला हवं. सगळा इतिहास कोरा दिसला तरी संशय येतो, तेव्हा नेमकी तेवढीच ओळ पुसावी. फोनमध्येच पाळत ठेवणारं काही बसवलेलं असेल तर खाजगी खिडकीचाही उपयोग नाही. अशा वेळी मैत्रिणीचा किंवा संघटनेचा फोन वापरावा, किंवा संधी साधून त्यावरून १८१ ला फोन करावा.

शिकवताना आमचा एकच नियम आहे : फोन शिकणारीच्या हातात. कार्यकर्तीनं फोन हातात घेऊन पटकन करून द्यायचं नाही. वेळ लागतो, बैठक लांबते. पण आपणच फॉर्म भरून देत राहिलो तर पोराच्या जागी फक्त ताई येते, बाई आहे तिथेच राहते.

याबरोबर सरकारकडे आपली मागणीही स्पष्ट हवी. कोणत्याही योजनेचं संकेतस्थळ हे एकमेव दार असू नये, अंगणवाडीतलं कागदाचं दार उघडं राहावं. बाईच्या हक्कासाठी पुरुषाचा ओटीपी लागू नये. आणि बाईच्या नावानं काय भरलं गेलं त्याची मराठीतली प्रत तिच्या हाती पडावी.

पुढच्या बैठकीत प्रत्येक गटानं एक तास यासाठी काढावा. सुरुवात सातबाऱ्यापासून करा. आपलं नाव आहे का, हे पाहायला कुठलीच बाई कंटाळत नाही.